अपूर्ण पत्ता

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातलं आमचं घर कुणालाच एका दमात सापडत नाही. दह्याच्या दुकानाशी डावीकडे, मग बोळ, मग निळं दार. कुरिअरवाला वाटेतून फोन करतो आणि मी त्याला बोलत बोलत दारापर्यंत आणते.

म्हणूनच, पुण्याहून पुरणयंत्र मागवलं होतं तेव्हा ‘पत्ता अपूर्ण, पार्सल परत जाईल’ असा मेसेज आला आणि मला काडीची शंका आली नाही. आमचा पत्ता अपूर्णच असतो. मेसेजमधल्या नंबरावर मीच फोन केला. माणूस अदबीनं बोलला, “माताजी, पाँच रुपया लगेगा, पता ठीक हो जाएगा.” त्याची लिंक उघडली, पिन टाकला आणि पाच रुपयांऐवजी महिन्याची पेन्शन गेली. तो म्हणत होता, “फोन मत काटिए, पैसा वापस आ रहा है.”

शाळेतून निवृत्त झालेली बाई मी. लिंक उघडू नका, पत्ता दुरुस्त करायला कुणी पैसे मागत नाही, नंबर ॲपमधूनच बघा, हे गल्लीतल्या बायकांना मीच बजावायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी फोन कापला. बँकेला ताबडतोब कळवायचं असतं, हेही पाठ होतं, पण हात चालेना. खातं मुलाबरोबरचं. ते बंद केलं की पुण्यात त्याच्या फोनवर मेसेज जाणार. दिवाळीत मागवलेल्या शालीऐवजी पार्सलमधून रद्दी आली होती, तेव्हाच त्यानं सांगून ठेवलं होतं, “आई, पुन्हा असं झालं तर मी तुला इकडे घेऊन येणार.” गप्प बसावं तर चोर उरलंसुरलं नेणार, बोलावं तर माझं बनारस जाणार. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी चोरापेक्षा पोटच्या पोराला घाबरत होते. त्याची लाज वाटली.

शेवटी बँकेला फोन केला. उरलेले पैसे वाचले. दहा मिनिटांत मुलाचा फोन आला. तो रागावला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तो इतकंच म्हणाला, “लगेच कळवलंस, चांगलं केलंस. आता पुरे ना, आई. मी येतोय न्यायला.” त्याचा आवाज भरून आला होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिसऱ्या दिवशी खरं पुरणयंत्र आलं. कुरिअरवाला बोळात चुकला होता. “दही की दुकान से बाएँ,” मी म्हटलं आणि पुढची वाट नेहमीपेक्षा सावकाश सांगत राहिले. तो बिचारा “जी, जी” करत राहिला. दारापर्यंत आणलाच.

खोका न उघडताच सामानात गेला. निघण्याआधी मुलानं माझ्या ॲपमधला पत्ता बदलला. विंग, मजला, फ्लॅट नंबर, पिनकोड, सगळं भरलं.

पुण्यात पार्सलं बिनचूक येतात. रस्ता विचारायला मला कुणाचा फोन येत नाही.