मॉनिटरवरची खोळ

खोलीबाहेर चपला काढल्याचा आवाज आला, की साहेब मॉनिटरवर कापडी खोळ ओढायचे. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, आणि नगरहून येऊन-जाऊन करणारी मी त्यांची एकुलती ऑपरेटर. तुम्हाला वाटेल, माणूस काहीतरी भलतंसलतं बघत असणार. मलाही तसंच वाटायचं.

साहेबांना नाद होता तो अर्धवट प्रोग्रॅमांचा. परदेशात कुणी नुकताच करायला घेतलेला, कोडसकट सगळ्यांना फुकट वाटलेला प्रोग्रॅम ते नगरच्या इंटरनेट सेंटरवरून फ्लॉपीत भरून आणत, चालवून बघत आणि करणाऱ्याला चुका कळवत. कुणी नावाजलेलं, तयार काही दाखवलं तर म्हणत, "पिकल्यावर कुनीबी खाईल, ताई. पाडाला लागलेलं हुडकावं." एकाने आपल्या कच्च्या कामाची माफी मागितली, तर याच साहेबांनी त्याला लिहिलं, लाजू नकोस, अर्धवट आहे म्हणून तर माणसं मदतीला येतात.

खोळीखाली काय असतं, ते मला एकदा दिसलंच. वाघ-बकरीचा पट! साहेबांनी स्वतः केलेला खेळ. बकऱ्या मोठ्या हुशार होत्या, वाघ मात्र कोपऱ्यात गेला की हलायचा नाही.

"साहेब, टाका की हाही इंटरनेटवर."

"ह्यो? न्हाई न्हाई. लोकं लई हसतील, ताई. आधी वाघ हलू द्या."

मी हट्टच धरला. एका संध्याकाळी आम्ही सेंटरवर गेलो. सगळं लिहून झालं, फक्त बटण दाबायचं राहिलं. तेवढ्यात शेजारची कॉलेजची पोरं त्यांच्याच कशावर तरी खिदळली. साहेबांचे कान लाल झाले. फ्लॉपी काढून त्यांनी खिशात घातली.

"चला ताई, यष्टी चुकंल."

यष्टीला पुष्कळ वेळ होता. स्टँडपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मीही ओशाळून त्यांच्या मागोमाग चालत राहिले.

ते निवृत्त झाले, पुढे वारलेही. वाघ हलला की नाही, कळलं नाही.

नवी मशिनं आली तेव्हा त्यांच्या जुन्या मॉनिटरवरची खोळ मी काढली. काचेवर रेघा दिसल्या. धूळ समजून पुसल्या, निघेनात. साहेब खोळ ओढायचे, पण मॉनिटर बंद करायचे नाहीत. आत तोच पट तासन्‌तास पेटलेला राहायचा. देवळाच्या पायरीवर कोरलेला असावा, तसा तो काचेत कायमचा उमटला होता. कोपऱ्यातल्या वाघासकट.

बाहेर भंगारवाल्याने चपला काढल्या. मी घाईघाईने खोळ ओढली.