गिअरबॉक्स उतरवण्याआधी

वाशीत नव्या इमारती उठत होत्या, तेव्हा सानपाडा गावात माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. गिअर अडकला की तो आधी क्लच बघायचा, मग तेल. बहुतेकदा तेवढ्यावरच भागायचं. "गिअरबॉक्स उगाच नाय उतरवाचा," म्हणायचा.

एकदा आजारी आईला बघायला मी पेणला निघालो, तर गाडीचा तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. गाडी तशीच त्याच्या गॅरेजवर नेली. त्यानं गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेतलं. त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"आता उतरवाचाच. वाटेत दाते तुटतील."

"आज नको. आई वाट बघतेय."

त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली, हायवेवर पेणकडे जाणारा ट्रक थांबवला आणि मला त्यात बसवलं. मी रागातच गेलो.

परतलो तेव्हा तो माझ्या गाडीखाली होता. तिथूनच त्यानं विचारलं, "आई कशी हाय?"

"बरी आहे," म्हणालो, तेव्हाच तो बाहेर आला.