नवनाथने एका मापात आणलेले बाण

चाकणच्या एका गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत नवनाथ तपासणीला आहे. हातात माप घ्यायचा व्हर्नियर, खिशात नापास मालाला लावायचे लाल टॅग. त्याने एकदा पार्ट रिजेक्ट केला की तो साहेबाचंही ऐकत नाही. मी सतरा वर्षं त्याच्याच शिफ्टला आहे. हे कौतुक नाही, मी भोगलंय.

त्याची मुलगी दिव्या रहाटणीच्या मैदानावर धनुर्विद्या शिकते. गेल्या वर्षी तिच्या बारा नव्या बाणांपैकी एक भिंतीवर आपटून फुटला. फुटलेला भाग कापला, तर तो दीड इंच आखूड झाला. एक बाण वेगळ्या मापाचा? नवनाथला ते कसं खपणार! त्याने बाकीचे अकराही त्याच मापाला कापून आणले.

त्या आठवड्यापासून बाण डावीकडे जायला लागले. तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं, नवनाथच मागे उभा राहायचा. त्याचं एकच पालुपद, "बाण मी मोजलेत. तुजा हातच चुकतोय." पोरगी रडली, पण वर्षभरात बाण सोडताना धनुष्य उजवीकडे ढकलायला शिकली. बाण मधोमध लागू लागले आणि हा गडी कंपनीभर पेढे वाटत फिरला.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला आठवडा राहिला असताना नव्या प्रशिक्षक इंदुताईंनी तिचा बाण उचलला. त्या दिवशी नवनाथबरोबर मीही तिथे होतो.

"हे कुणी कापले? आखूड बाण ताठ होतो. सुटताना हवा तेवढा वाकत नाही, म्हणून डावीकडे जातो."

त्यांनी आपले पूर्ण लांबीचे सहा बाण दिले. दिव्याने मारले. सहाच्या सहा उजवीकडे गेले, दोन तर निशाणाच्या पाटीबाहेर.

"बाण बरोबर आहेत," इंदुताई म्हणाल्या. "आता हात बिघडलाय. सवय मोडायला चार महिने लागतील. यंदाची चाचणी विसरा."

दिव्या रडली नाही. धनुष्य खाली ठेवून तिने विचारलं, "पप्पा, म्हणजे पहिल्यांदा माझा हात बरोबर होता?"

नवनाथने आपण कापलेला एक बाण उचलून हातात घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "बरोबर व्हता."

त्याने रिजेक्ट केलेलं काही बरोबर होतं, हे त्याच्या तोंडून सतरा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं.