शेळीला सांगितलेली आमटी

सासरी येऊन दोन महिने झाले होते आणि माझी दोन पुस्तकं सासऱ्यांच्या पेटीत बंद होती. आष्टीहून निघताना वडिलांनी ती लुगड्यांच्या घडीत घालून दिली होती. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ती उचलली. "आधी चूल वळखा, मंग अक्षरं," असा हुकूम झाला आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला गेली. माझी भाकरी फुगत नव्हती हे खरं. पण वाचल्यानं भाकरी चपटी होते, हे मला आजही पटलेलं नाही.

सासरे गावचे पाटील. सरकारी कारभार उर्दूत, म्हणून गावाच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, तेच उर्दूत लिहायचे. कुणी अंमलदार आला की भर उन्हात शेरवानी चढवायचे आणि घामाच्या धारांतून "तशरीफ रखिये" म्हणायचे.

त्या नवरात्रात नणंद मंठ्याला बाळंत झाली. सासूबाई तिकडे गेल्या, गाडी हाकायला नवरा गेला. घरात सासरे आणि मी उरलो, आणि दुसऱ्याच दिवशी मला कावळा शिवला. म्हणजे तीन दिवस परसात गोठ्याशेजारी बसायचं, चुलीकडे फिरकायचं नाही. नेमके त्याच दुपारी तहसिलीतले गिरदावर, म्हणजे महसुलाचे अंमलदार, दौऱ्यावर आले. त्यांनाही नवरात्राचे उपास. भुईमुगाच्या शेंगा उपटायचे दिवस, गावातल्या बाया झाडून शिवारात. रांधायला बोलवावं असं कुणी नव्हतं.

"आमच्या घरची भगर-आमटी एकदा खाऊन तर बघा," ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला.

मी कपाळाला हात लावला. भगर त्यांना येत होती, रखवालीला शेतावर करायचे. पण आमटीचे वाळलेले दाणे संपले होते. घरात होती ती कालच उपटलेल्या ओल्या शेंगांची पाटी.

मागचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. सासरे शेरवानीसकट चुलीपुढे बसले. शेंगा फोडून दाणे तव्यावर टाकले. ते बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले. तरी उखळात घातले, तर कूट व्हायच्या ऐवजी लगदा झाला आणि मुसळाला चिकटून वर आला. सासऱ्यांनी मुसळाकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांची दरखास्त फेटाळली होती.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. मी शेजारच्या शेळीकडे वळले आणि जरा मोठ्यानं म्हणाले,

"शेळीबाई, ओला दाणा भाजत न्हाईत. कच्चाच पाट्यावर वाटतेत. हिरवी मिरची न् जिरं घालून."

मुसळ थांबलं. सासरे चुलीला म्हणाले, "पाटा बायकांचं काम हाय."

"मंग सायेब उपाशीच जातेत वाटतं, शेळीबाई."

शेरवानी खुंटीवर गेली.

पाट्यावरचा आवाज आधी अडखळत, मग एकसारखा यायला लागला. "किती बारीक?" त्यांनी चुलीला विचारलं. "गंधावानी," मी शेळीला सांगितलं. मूठभर दाणे अख्खेच शिजवायला आणि ते मऊ झाले की त्याच उकळत्या पाण्यात वाटण सोडायला सांगितलं.

"आता झाकण ठिवतो."

"शेळीबाई, झाकलं की दुधावानी उतू जातं, न् कच्चा वास आतच ऱ्हातो. तेल वर दिसेपस्तोर हालवत ऱ्हावं."

"हात दुखून राह्यला."

"आमचा बी दुखतो, शेळीबाई."

पळी पुन्हा फिरायला लागली. मीठ, गुळाचा खडा, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. आमटी फिकट, हिरवट आणि दाटसर दिसत होती. वास परसापर्यंत आला तेव्हा मी निर्धास्त झाले. कच्चेपणा गेला होता. सासऱ्यांनी पुन्हा शेरवानी चढवली आणि ताटं घेऊन ओसरीवर गेले. मिशीला वाटण लागलेलं होतं. ते मी शेळीलासुद्धा सांगितलं नाही.

गिरदावरांनी तीनदा आमटी मागून घेतली. मग म्हणाले, "पाटील, बिलकुल न्यारी चव हाय. केली कोनी?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी केली, मंग तुमच्या मिशीला काय लागलंय?"

मी कान टवकारले. सासरे म्हणाले, "हात माझा. अक्कल सूनबाईची."

गिरदावर हसत म्हणाले, "मंग दोघांच्या नावानं अजून वाढा."

पाहुणे गेल्यावर सासरे मागच्या दारात आले. शेरवानी उतरवलेली, मिशी पुसलेली, हातात माझी दोन्ही पुस्तकं.

"पोथी असती तर चौथ्या दिवशी दिली असती," ते शेळीला म्हणाले. "ही निस्ती पुस्तकं हायत." आणि शिवाशीव नको म्हणून वरूनच त्यांनी ती माझ्या ओच्यात टाकली. जाता जाता वळले. "पन भाकर फुगत न्हाई ती न्हाईच."

शेळीनं पुस्तकाकडे मान लांबवली. मी आधी तिचं दावं आखूड केलं आणि मग पहिलं पान उघडलं.