कुंपणावरचे पाहुणे

धाराशिव जिल्ह्यातले तमाम कोल्हे आमच्या घराण्यातला एकेक माणूस नुसत्या वासावरून ओळखतात, आणि याचं सगळं श्रेय माझ्या बायकोच्या मामांना जातं. सास्तूरच्या शिवारात ओढ्याच्या अंगाला त्यांचं शेत आहे. शेतात तूर आहे, सोयाबीन आहे, पण शेताचे खरे मालक म्हणजे गावरान कोंबड्या. त्या दिवसभर मोकळ्या हिंडतात, वाटेल त्या झुडपाखाली अंडी घालतात आणि मामा-मामी ती हुडकत फिरतात. जाळी मारून घ्या, असं एका शहाण्यानं सुचवलं होतं. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं मामींनाच कोंडून घालायला सांगितलंय. "जाळीतली कोंबडी अंडं देती, व्हय," ते म्हणाले, "पर मनापास्नं न्हाय देत." मनापासून दिलेलं अंडं आणि नाइलाजानं दिलेलं अंडं मामा म्हणे चवीवरून वेगळं काढतात. मी तपासून बघितलेलं नाही. तेवढी माझी छाती नाही.

आता मोकळी कोंबडी म्हटल्यावर कोल्हा आलाच. दिवस कलला की तो तुरीतून येतो, बांधावर बसतो आणि लग्नातल्या पाहुण्यासारखा जेवणाची वाट बघतो. त्याच्यावर मामांचा इलाज असा : कोल्हा माणसाच्या वासाला भितो, पण रोज एकाचाच वास आला की सरावतो. "मग त्याला आपुन घरचंच वाटाय लागताव." म्हणून वास बदलता पाहिजे. आणि बदलते वास आणायचे कुठून? पाहुण्यांकडून! घरी आलेल्या जावयाला, भाच्याला आहेर करायची आपली रीत आहेच. मामांनी ती सरळ कोंबड्यांच्या राखणीला जुंपली. पाहुणा आला, चहा झाला, की त्याच्यासमोर नवाकोरा शर्ट ठेवायचा आणि म्हणायचं, "जावईबापू, काढा." अंगातला घामेजलेला शर्ट मामा प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतात, नाकाला लावतात, डोळे मिटून मान डोलावतात आणि कुंपणाच्या खांबावर चढवतात. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा यांचा काहीतरी कुलाचार असणार. मी उघड्या अंगानं खांबाला हात जोडले. मामी पदराआड हसत राहिल्या आणि अजून हसतात.

तर असं ते कुंपण म्हणजे आमच्या घराण्याची पंगतच. वाऱ्यानं बाह्या हलायला लागल्या की लांबून वाटावं, सगळे भावकीतले एकमेकांशी भांडतायत. आणि भांडणं झालीही आहेत. मामांच्या मुरुमच्या साडूंचा शर्ट उकिरड्याच्या कोपऱ्यात टांगला म्हणून साडू एका बारशाला जेवले नाहीत. "आमच्या माहेरची मानसं उकिरड्यापाशी, आन् तुमचा भाऊ वाटेवर!" असं मामींनीही सुनावलं. मामा म्हणाले, "अगं, मान कसला बघतीस? कोल्हा तिकडूनच येतो. तिथं दांडगं मानूस नगं का?" ही मखलाशी साडूंच्या कानावर घातली तेव्हा ते इतके खूश झाले की घाम मुरावा म्हणून कडब्याची गाडी स्वतः रिकामी करून आणखी एक शर्ट देऊन गेले.

नुसत्या वासावर मामांचं भागत नाही. संध्याकाळी ते कुंपणाच्या कडेनं खोकत फेरी मारतात. साधं खोकणं नव्हे. उगवतीला आपल्या वडिलांसारखं खोल, ओढ्याच्या बाजूला थोरल्या भावासारखं कोरडं, आणि साडूंच्या शर्टापाशी थेट साडूंसारखं, शेवटी "अरे देवा" म्हणून. डोळे मिटून ऐकलं तर पंचायत भरल्यासारखं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मामांचा फोन आला. "जावईबापू, तुमचा वास गेला."

"म्हणजे?"

"शर्टाचा. लई दिस झाले की तुमाला येऊन. भाचे पुण्याला, साडूचा गुडघा दुखतो. समद्या शर्टाला निस्ता वाऱ्याचा वास यालाय. आन् तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, करवंदीच्या जाळीत. हलवली तर अंडी सोडून देती. पिल्लं निघस्तोवर तिला राखाय पायजे."

मला सोलापुरातून निघणं जमेना. मी म्हणालो, कुरिअरनं पाठवतो. अंगातला शर्ट काढून पिशवीत भरला आणि पाठवायचं काम बायकोवर सोपवून ऑफिसला गेलो. तिनं पिशवी उघडली. कुंपणासाठी का होईना, पण मामाच्या घरी मळका शर्ट? तिनं तो साबण लावून धुतला, निळीत बुडवला, कडक इस्त्री केली आणि पाठवून दिला. मामांनी तो विश्वासानं करवंदीपाशी टांगला. त्याच संध्याकाळी कोल्हा त्या इस्त्रीखालून आला, एक धिप्पाड कोंबडा उचलला आणि जाता जाता तांबडीच्या शेपटीची पिसं घेऊन गेला. ती मात्र अंड्यांवरून उठली नाही. "कोल्ह्याला वाटलं आसंल, आपल्यासाठी चादर आंथरलीय," मामा फोनवर एवढंच म्हणाले. मोठ्यानं बोलणारा माणूस इतका हळू बोलला की मी रजा टाकली.

एसटीनं गेलो, उभ्यानं गेलो, फाट्यापासून भर उन्हात चालत गेलो. मामांनी शर्ट नाकाला लावला, डोळे मिटले. "हां," ते म्हणाले, "आता कसं घर भरल्यावानी वाटालंय." मग ते मला कुंपणावरून फिरवत एकेका बाहीला नाक लावत गेले. "ह्यो धाकटा भाचा, काईच न्हाय ऱ्हायलं. ह्यो साडू, ह्यात अजून थोडा हाय." करवंदीत तांबडी बिनशेपटीची, डोळे वटारून बसली होती. मामांनी माझा शर्ट तिच्या डोक्यावरच्या फांदीला बांधला. मुक्काम करायचा मला आग्रह झाला, पण कामं होती. मी नवा शर्ट घालून परत आलो.

काही दिवसांनी फोन आला. पिल्लं निघाली होती, चिवचिवाट मला ऐकू येत होता. "तुमच्या शर्टानं कोल्हा फिरकलाच न्हाय बगा!" मामा ओरडले. मागून मामींचा आवाज आला, "फिरकंल कसा? हेच बाज टाकून ऱ्हायलेत तिथं, पयल्या दिसापास्नं!"

"तू गप," मामा म्हणाले. मग मला, "पर जावईबापू, तुमी येत जावा. शर्ट लागतो."

तेव्हाचा तो आहेराचा शर्ट मी सुट्टीच्या दिवशी घालतो, जिने चढतो, उतरतो आणि तसाच दाराआड अडकवतो. बायको धुवायला मागते. मी म्हणतो, राहू दे, मामांकडं जायचंय.