पेटीची आतली बाजू

चार वाजता माझ्या जाऊबाईंचं दफन, आणि साडेतीन झाले तरी सुतार योहान पेटीच्या आत पॉलिशपेपरच घासत बसलेला. पाळकांचा दोनदा निरोप येऊन गेला. मी चिडून म्हटलं, "अरे बाबा, आतून कोण बघणारंय? कापड लागेल, मग माती."

त्यानं मान वर केली नाही. "बघायचं नाहीये, काकू. त्यांची पाठ टेकायचीय."

जन्मभर लोकांची धुणी धुऊन वाकलेली ती पाठ, आणि तिची आठवण राहिली ती या योहानला. त्यानं तळहात फिरवला, एक कुसळ उपटलं, पुन्हा फिरवला, आणि जेवून उठलेल्या माणसासारखा तृप्त दिसला. मग म्हणाला, "एक कोपरा राहिलाय."

चर्चची घंटा सुरू झाली. मी म्हटलं, "कर सावकाश."