खंडेनवमीचा रुमाल
नवऱ्याच्या युनिफॉर्मला थिनरचा वास आला की मला चाकणच्या भाड्याच्या खोलीतली ती खंडेनवमी आठवते. हत्यारांच्या पूजेला आईनं पाटावर विळी मांडली, बाबांचे पाने-पकड मांडले आणि दादाच्या बॅगेतला रंगाच्या डागांचा रुमालही ठेवला. दादा कंपनीत पेंट शॉपला होता आणि त्याच्या कपड्यांच्या वासाचं आईला भारी कौतुक. "कष्टाचा वास हाय पोरी त्यो," ती म्हणायची. रुमालाला हळदकुंकू लागलं तेवढ्यात दादा उठला आणि बॅग उपसायला लागला. "आई, माझा रुमाल कुठंय?" "आज सुट्टी हाय की, रुमाल कशाला?" बाबांनी विचारलं. दादानं पाटावरून रुमाल ओढला, झेंडू सगळीकडे उधळला. बॅगेतल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून त्यानं रुमालावर थिनर ओतलं आणि आमच्यादेखत तो नाकातोंडावर दाबून धरला. डोळे तारवटले, मग तो आमच्याकडे बघून हसला. आईनं मला आपल्या पाठीमागे ओढलं. पोटच्या पोराला भ्यालेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आता नवराही पेंट शॉपलाच आहे, त्याचा युनिफॉर्म मी धुते. खिशातला रुमाल हाताला कोरडा लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.